चार-चार-चार

(दहावी 1995 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीनं मला 'आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल' असा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांना आयटीबद्दल माझ्याइतकंच माहीत आहे आणि उरलेल्या निम्म्यांची मुलं घरात दुसऱ्या विषयावर बोलत नाहीत. म्हणून आज मी स्कॉटलंडमधल्या एका रॉक बँडबद्दल बोलणार आहे. बाई, काळजी करू नका, वाजवून दाखवणार नाही.

हा विषय निवडायला कारण आहे. आपल्या तुकडीनं शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेची दुरुस्ती हाती घेतली आहे. काम जवळजवळ झालं. राहिली आहे ती दारावरची संगमरवरी पाटी. तिच्यावर देणगीदारांची नावं कशी लिहायची, यावरून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन महिने काय चाललंय ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. काहींचं म्हणणं, रकमेच्या क्रमानं लिहावीत, मोठ्या देणगीदारांची मोठ्या अक्षरांत. आज दुपारी चारच्या बैठकीत त्याचा निकाल लागायचा आहे. मला जे म्हणायचं आहे ते या बँडच्या गोष्टीतून जास्त नीट सांगता येईल, असं वाटलं.

बँडचं नाव टीनेज फॅनक्लब. 2008 मध्ये कामानिमित्त मी पाच महिने ग्लासगोत होते. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यानं एक सीडी दिली आणि म्हणाला, हे आमच्या गावचे. त्याचं गाव बेल्सहिल, ग्लासगोपासून साधारण सोळा किलोमीटरवर. कोळसा आणि पोलादावर वाढलेला हा भाग. मँचेस्टर युनायटेडचे नामांकित प्रशिक्षक मॅट बझ्बी इथलेच. जवळच्या मदरवेलमधला रेव्हन्सक्रेगचा अवाढव्य पोलाद कारखाना 1992 मध्ये बंद पडला. अशा गावातून 1980 च्या दशकात एकमेकांना ओळखणाऱ्या पोरांनी दोन-तीन बँड काढले. एकाचा ड्रमर दुसऱ्यात, दुसऱ्याचा गिटारवाला तिसऱ्यात. आपल्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रासारखंच. त्यातूनच 1989 मध्ये टीनेज फॅनक्लब उभा राहिला. त्यात गाणी लिहिणारे तिघं होते : नॉर्मन ब्लेक, रेमंड मॅकगिनली आणि जेरार्ड लव्ह.

त्यांच्या संगीताचं मूळ 1960 च्या दशकात आहे. बीटल्स तुम्हाला माहीत आहेत. 1964 मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हातात बारा तारांची रिकनबॅकर गिटार आली. साध्या गिटारीला सहा तारा असतात. हिच्यात तारांच्या सहा जोड्या. खालच्या सुरांच्या चार जोड्यांत एक तार दुसरीपेक्षा बरोबर एक सप्तक वर लावलेली, उरलेल्या दोन जोड्या एकाच सुरात. त्यामुळे एक तार छेडली की घुंगरू हलल्यासारखा झणकार येतो. अमेरिकेत रॉजर मॅग्विननं बीटल्सच्या सिनेमात ती गिटार पाहिली, स्वतः तशीच घेतली आणि 1965 मध्ये द बर्ड्‌स या बँडचा तो आवाजच होऊन गेला. त्याच्यावर दोन-तीन गळे एकाच वेळी वेगवेगळे सूर धरून गातात. आपल्याकडे कोरस म्हणजे सगळ्यांनी एकच सूर लावायचा. इथं तिघांचे तीन सूर, आणि तरीही एकच गाणं.

हे सगळं टीनेज फॅनक्लबनं उचललं, आणि उघडपणे उचललं. 1991 मध्ये त्यांचा 'बँडवॅगनेस्क' हा अल्बम आला. मुखपृष्ठावर गुलाबी पार्श्वभूमी आणि पिवळी पैशांची थैली. नावाचा अर्थ साधारण 'ज्या गाडीला गर्दी त्या गाडीत चढणाऱ्यांच्या छापाचं'. म्हणजे टीका करणारा काय म्हणेल ते यांनी आधीच स्वतःच्या पाटीवर लिहून टाकलं! समीक्षकांनी म्हटलंच, की हे 1970 च्या दशकातल्या बिग स्टार या अमेरिकन बँडसारखं वाजतं. आणि बिग स्टार स्वतः बीटल्स आणि बर्ड्‌सवर वाढलेला. 1993 च्या अल्बममधल्या शेवटच्या गाण्याला तर त्यांनी सरळ 'जीन क्लार्क' असं नाव दिलं. जीन क्लार्क हा बर्ड्‌सचा सुरुवातीचा गीतकार. दोनच वर्षांपूर्वी तो वारला होता.

आपण सांगलीकर. नाट्यपंढरीत वाढलेल्यांना यात वावगं वाटायला नको. 'स्वयंवर' हे 1916 चं नाटक. लिहिलं आपल्या सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी आणि चाली दिल्या भास्करबुवा बखल्यांनी. त्यातल्या कितीतरी पदांच्या चाली जुन्या बंदिशींवरून बांधलेल्या होत्या आणि नाटकाच्या छापील पुस्तकात पदावर 'चाल' म्हणून मूळ चीज दिलेली असायची. कुणी लपवलं नाही. म्हणून पदांचं मोल कमी झालं नाही. उलट ऐकणाऱ्याला कळायचं की बुवांनी नेमकं काय नवं केलं. आमच्या प्रोग्रामिंगमध्येही दुसऱ्याचं खुलं सॉफ्टवेअर वापरलं तर त्याच्या मूळ कर्त्याचं नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतो. पद्धत तीच, फक्त नाट्यसंगीताची जुनी.

बर्ड्‌सच्या साखळीतला एक दुवा आपल्या देशातलाही आहे. त्यांच्या 1966 च्या 'एट माइल्स हाय' या गाण्यामागे दोन प्रेरणा होत्या : सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि पंडित रविशंकर. आणि कोल्ट्रेनवरही रविशंकरांचा इतका प्रभाव होता की त्यानं 1965 मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं. बेल्सहिलच्या पोरांपर्यंत जे पोचलं त्यात सतारीचा थोडा अंश होता.

आता मुद्द्याकडे येते. साठच्या दशकाचा सूर यांनी घेतला, पण त्या दशकातली वाटणी घेतली नाही.

बीटल्समध्ये गाणी मुख्यतः लेनन आणि मॅकार्टनी लिहायचे. गाणं एकट्यानं लिहिलं तरी नाव दोघांचं लागायचं. जॉर्ज हॅरिसनच्या वाट्याला एका अल्बमवर बहुधा एक किंवा दोन गाणी. 1969 च्या 'ॲबी रोड'वर त्याची दोनच आहेत आणि ती दोन्ही त्या अल्बममधल्या सर्वांत लोकप्रिय गाण्यांपैकी ठरली. बीटल्स फुटल्यावर 1970 मध्ये हॅरिसननं तीन तबकड्यांचा अल्बम काढला. त्यातली बरीच गाणी जागा न मिळाल्यामुळे साठून राहिलेली होती. बर्ड्‌समध्ये उलटा प्रकार. जीन क्लार्क गाणी लिहायचा, म्हणून मानधनाचा जास्त वाटा त्याला मिळायचा आणि बाकीच्यांच्या मनात ते सलायचं. त्यात त्याला विमानप्रवासाची भीती. 1966 च्या सुरुवातीलाच तो बाहेर पडला.

टीनेज फॅनक्लबची सुरुवातही समान वाटणीनं झाली नव्हती. 'बँडवॅगनेस्क'वर मॅकगिनलीचं स्वतःचं एकच गाणं आहे, बाकी मुख्यतः ब्लेक आणि लव्ह यांची. पुढे हळूहळू तोल आला. 1997 चा 'साँग्ज फ्रॉम नॉर्दर्न ब्रिटन' घ्या. बारा गाणी : चार ब्लेकची, चार लव्हची, चार मॅकगिनलीची. 2000 चा अल्बम : चार-चार-चार. 2005 चा : चार-चार-चार. 2010 चा : चार-चार-चार. चार अल्बम, 48 गाणी, प्रत्येकाची 16. मी मोजली आहेत. तुम्ही मला ओळखता, मी मोजणारच.

जो गाणं लिहील तोच ते गाणार आणि बाकीचे दोघं त्याला साथ देणार. आठ गाणी दुसऱ्यांच्या मागे उभं राहायचं, तेव्हा चार गाणी पुढे यायचं. आणि प्रत्येक गाण्याखाली ते लिहिणाऱ्याचं नाव आहे. म्हणजे समान वाटणी करताना कुणी काय केलं हे पुसून टाकलेलं नाही. नोंद पूर्ण आहे, फक्त जागा सगळ्यांना सारखी. ज्याचं गाणं जास्त गाजलं त्याला पुढच्या वेळी सहा आणि दुसऱ्याला दोन, असं त्यांनी केलं नाही.

याची किंमत त्यांनी मोजली असं मला वाटतं. 1991 च्या शेवटी अमेरिकेतल्या 'स्पिन' मासिकानं वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून 'बँडवॅगनेस्क' निवडला. त्याच वर्षी निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला होता, तो मागे टाकून. पुढच्या उन्हाळ्यात हे दोन्ही बँड युरोपात एकत्र दौऱ्यावर होते. 'नेव्हरमाइंड'च्या कोट्यवधी प्रती खपल्या, कर्ट कोबेनचा चेहरा जगभरच्या कॉलेजांतल्या भिंतींवर गेला. टीनेज फॅनक्लबला तसा चेहराच नव्हता. तिघं आळीपाळीनं गाणार, मग पोस्टर कुणाचं काढणार? बाजाराला एक नायक लागतो. नंतर त्यांच्याच रेकॉर्ड कंपनीनं, क्रिएशननं, ओएसिस हा बँड घेतला आणि तो प्रचंड मोठा झाला. ओएसिसच्या लियम गॅलघरनं टीनेज फॅनक्लबला जगातला दुसऱ्या क्रमांकाचा बँड म्हटलं होतं. पहिला अर्थात त्याचा स्वतःचा! पण 2009 मध्ये दोन्ही गॅलघर भावांचं भांडण होऊन ओएसिस फुटला. हे दुसऱ्या क्रमांकवाले तेव्हा 2010 च्या अल्बममध्ये होते, चार-चार-चार. क्रिएशन कंपनी बंद पडल्यावर, 2005 पासून, त्यांनी स्वतःच्या लेबलवर अल्बम काढायला सुरुवात केली होती. स्वतंत्र बँड, शब्दशः.

यात माझ्या मनाला लागलेलं एक सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही तिघांनी मिळून एक मोठं काम केलं होतं. आठ महिने खपून. ग्राहकासमोर सादरीकरण झालं तेव्हा पडद्यावर एकच नाव होतं, आणि ते आम्हा तिघांपैकी कुणाचंच नव्हतं. कुणाला नाव ठेवायला हे सांगत नाही. हे घडलं नाही अशी आयटीतली व्यक्ती इथं असेल तर तिनं हात वर करावा. (कुणी केला नाही.) आमच्यातला एकजण त्यानंतर सहा महिन्यांत नोकरी सोडून गेला. त्याला पगार कमी नव्हता.

पुढे माझ्याकडे सहा जणांची टीम आली तेव्हा मी एक साधा नियम केला. ज्यानं लिहिलं त्यानंच ग्राहकासमोर दाखवायचं, आळीपाळीनं, आणि कामाच्या अहवालात सहाही नावं अकारविल्हे. सुरुवातीला त्रास झाला. टीममधल्या एका मुलाचं इंग्रजी अडखळायचं. ग्राहकानं विचारलं, दरवेळी नवा माणूस का, तुम्हीच का नाही बोलत? माझे वरिष्ठ म्हणाले, अशानं तुझं नाव कुणाच्या लक्षात राहणार नाही. ते खरं ठरलं. माझ्या बरोबरचे कितीतरी जण आज माझ्यापेक्षा मोठ्या पदावर आहेत. "अजून कोडच लिहितेस?" हे मला सकाळपासून इथं तिघांनी विचारलं. हो, अजून कोडच लिहिते आणि आवडीनं लिहिते. पण त्या सहापैकी पाच जण सात वर्षं एकत्र टिकले. आमच्या धंद्यात हा आकडा काय आहे ते जाणकारांना कळेल.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, समान वाटणी करून सगळं गोड झालं का? नाही. 2018 मध्ये जेरार्ड लव्हनं बँड सोडला. बाकीच्यांना लांबच्या देशांत दौरा करायचा होता, त्याची तयारी नव्हती. बोलणी झाली, एकमत झालं नाही. जवळजवळ तीस वर्षांची सोबत. त्यांची कितीतरी लाडकी गाणी त्याची होती. त्याच्या जाण्यानं चाहते हळहळले, अजून हळहळतात.

पण ते कसे वेगळे झाले ते बघा. त्या वर्षीच्या शरदात ग्लासगो, बर्मिंगहॅम आणि लंडनमध्ये त्यांचे कार्यक्रम आधीच ठरले होते, क्रिएशनच्या काळातल्या जुन्या अल्बमांचे. लव्ह ते सगळे वाजवून मगच गेला. पूर्वी बँड सोडून गेलेले दोन जुने ड्रमर, ब्रेंडन ओहेअर आणि पॉल क्विन, हेही त्या मंचावर आले होते. त्यांचा आजचा ड्रमर फ्रान्सिस मॅकडोनाल्ड तर सगळ्यात पहिला ड्रमर. तो सुरुवातीलाच बाहेर पडला होता आणि दशकभरानं परत आला. लव्ह गेल्यावर राहिलेल्या दोघांनी 2021 चा अल्बम काढला. बारा गाणी. सहा ब्लेकची, सहा मॅकगिनलीची.

समान वाटणीमुळे माणसं कायम एकत्र राहतात, असा माझा दावा नाही. पण वाटणी नीट असली तर जाणाऱ्याला हिशेब चुकता करून जाता येतं आणि परत यायचं असेल तर मान खाली घालून यावं लागत नाही. आपल्या तुकडीत आज न आलेले अकरा जण आहेत. काहींना रजा नाही, काही परदेशात आहेत. दोघं-तिघं मात्र, मला आतून ठाऊक आहे, त्या पाटीच्या चर्चेमुळे आलेले नाहीत. त्यांच्यापैकी एकानं मला फोनवर सांगितलं, "माझे दोन हजार कुठल्या अक्षरांत लिहिणार आहात?" मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांनी मोठ्या रकमा दिल्या त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांच्याशिवाय छपराचे पत्रे बदलले नसते. त्यांचा मुद्दाही चुकीचा नाही. आकडा दिसला की पुढच्या तुकड्यांना देण्याची इच्छा होते, हे खरं आहे. म्हणून माझी सूचना अशी. पूर्ण जमाखर्च, नाव आणि रकमेसकट, एका वहीत लिहून शाळेच्या कार्यालयात ठेवू. ज्याला बघायचं त्यानं बघावा. लपवायचं काही नाही. पण भिंतीवरच्या पाटीवर नावं अकारविल्हे, एकाच आकाराच्या अक्षरांत, रकमेशिवाय. त्यात पैसे देणाऱ्यांच्या बरोबरीनं तीन रविवार उभं राहून वायरिंग करून घेणारा आपला मित्र असेल, जुन्या काचेच्या बरण्या घासून पुन्हा चिठ्ठ्या लावणाऱ्या दोन मैत्रिणी असतील आणि दोन हजारवालाही असेल.

मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचा लाकडी फलक तुम्हाला आठवत असेल. दहावीला शाळेत पहिल्या आलेल्याचं दरवर्षी एक नाव, सोनेरी रंगात. 1995 समोर जे नाव आहे ती माझी मैत्रीण इथं दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि त्या नावाचा मला आजही अभिमान आहे. तो फलक तसाच राहू दे. परीक्षेत पहिला एकच येतो. पण प्रयोगशाळा ही परीक्षा नव्हती. ते गाणं आपण तेहतीस जणांनी मिळून बसवलं आहे, कुणी पुढे, कुणी साथीला.

दुपारी चारला बैठक आहे. माझं मत मी सांगितलं, तुमचं तुम्ही सांगा. निकाल काहीही लागला तरी संध्याकाळच्या जेवणाला मी वाढायला असेन.

ज्यांना तो बँड ऐकायचा आहे त्यांनी 1997 च्या अल्बमापासून सुरुवात करावी. कुणाचं गाणं कुठलं ते ओळखायला जमतंय का बघा. मला वर्षभर जमत नव्हतं.